एकट्याच्या लांब प्रवासासाठी पंक्चर किट: डब्यातलं काय चालतं, काय नुसतं दिसतं

मोटरसायकलवरून एकट्याने देश ओलांडायला निघणाऱ्याच्या सामानात पंक्चर किट असतंच. बहुतेकदा ते सीटखाली सीलबंद पडून असतं आणि आत नेमकं काय आहे ते पहिला खिळा घुसल्यावर कळतं. बाजारात ट्यूबलेस टायरसाठी तयार किटचे चार-पाच प्रकार मिळतात (ट्यूबच्या टायरचं वेगळं, ते शेवटी). रीमर, सुई आणि चिकट रबरी पट्ट्यांचं साधं किट, मशरूम प्लगचं किट, पितळी टोकाच्या प्लगचं पेनाएवढं किट, सीलंटची बाटली, आणि या सगळ्यातलं थोडं थोडं भरून वर गॅसची नळकांडी ठेवलेला ‘सगळं एका डब्यात’ प्रकार. हे सगळे इथे एकाच कसोटीवर तपासले आहेत: धरायला दुसरा माणूस नाही, हवा किंवा बॅटरी उसनी घ्यायला दुसरी गाडी नाही, मोबाइलला रेंज असेलच असं नाही आणि मागे भरपूर सामान बांधलेलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्लग, म्हणजे भोक बुजवणारा रबरी तुकडा किंवा पट्टी, जवळजवळ सगळ्याच किटमधले बरे असतात. किट हरतं ते मुठीत, सोल्यूशनच्या ट्यूबमध्ये आणि हवेत. जाहिरात मात्र प्लगचीच होते.

मूठ आणि रीमर

किट हातात आलं की आधी रीमर पाहावं. कानशीसारखे दाते असलेली ही पाच-सहा मिलिमीटर जाडीची सळई खिळ्याचं भोक साफ आणि एकसारखं करते. नायलॉनच्या थरांच्या बायस टायरमध्ये ती फारसा त्रास देत नाही. बऱ्याच रेडियल टायरमध्ये मात्र ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. खिळ्याने तोडलेल्या तारांची टोकं भोकात डोकावत असतात. ती रीमरने घासून बोथट केली नाहीत, तर चाक फिरेल तसा प्लग आतून चिरत जातो. आज धरलेला प्लग उद्या दुपारी गळतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

या कामाला अंगाचा जोर लावावा लागतो. स्क्रूड्रायव्हरसारखी सरळ मूठ तळहातात फिरते आणि निसटते. प्लास्टिकची टी-मूठ दिसायला बरी असते, पण पोलादी पट्ट्यात अडकलेली सळई पिळताना प्लास्टिकमधली पकड सुटते. मग मूठ फिरते, सळई जागच्या जागी. धातूची टी-मूठ आणि अ‍ॅलन स्क्रूने आवळलेली, बदलता येणारी सळई, एवढं असेल तरच किट विकत घ्यावं. कारखान्यातून येताना तो स्क्रू बहुतेक वेळा सैलच असतो. निघण्याआधी आवळावा आणि त्या मापाची अ‍ॅलन की किटमध्येच ठेवावी, गाडीच्या टूलकिटमध्ये नको.

एकट्या माणसाची आणखी एक अडचण कुठल्याच किटच्या कागदावर लिहिलेली नसते. रीमर रेटताना तो जोर गाडीवरही येतो आणि साइड स्टँडवर उभी असलेली लादलेली गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरू शकते. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, पुढच्या ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने किंवा जाड रबरबँडने मुठीला बांधून ठेवायचा आणि मगच रीमर लावायचं. खिळा चाकाच्या मागच्या अंगाला, साधारण आसाच्या उंचीवर येईल अशा बेताने गाडी ढकलून घ्यायची. तिथे जोर गाडीच्या लांबीच्या दिशेने लागतो, आडवा लागत नाही. मधला स्टँड असला तर उत्तम, पण सामान उतरवल्याशिवाय एकट्याने गाडी त्यावर चढवायच्या फंदात पडू नये. पंक्चरपेक्षा पाठ महाग पडते.

पट्टीवालं किट: अजूनही पहिली पसंती

पंक्चरवाला वापरतो तीच ही चिकट, तपकिरी किंवा काळी, साधारण १०० मिलिमीटर लांबीची पट्टी. फॅशनेबल नाही, पण ओबडधोबड भोकात तीच सगळ्यात चांगली बसते, कारण दाबली की भोकाचा आकार घेते.

दुरुस्ती कशाची करायची याची मर्यादा आधी पाहावी. भोक ट्रेडच्या मधल्या भागात हवं आणि सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नको. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) किंवा ट्रेड आणि साइडवॉलच्या कडेला पट्टी लावू नये. तो भाग प्रत्येक फेरीत वाकतो आणि पट्टी बाहेर ढकलतो. दगडाने किंवा पत्र्याने पडलेली लांबट चीरही पट्टीचं काम नाही. मोठ्या भोकात दोन पट्ट्या शेजारी शेजारी घालता येतात, पण ती सोय फक्त पुढच्या वस्तीपर्यंत सावकाश पोहोचण्यापुरती.

काम करायची रीत अशी. खिळा दिसल्या दिसल्या उपटू नका. आधी सगळं हाताशी मांडा, जागेवर खडूची खूण करा आणि खिळा कोणत्या कोनात घुसला आहे ते नीट पाहा. बहुतेक खिळे तिरके शिरतात आणि रीमर त्याच कोनात गेलं नाही तर टायरमध्ये दुसरं भोक पडतं. पकडीने खिळा काढला की लगेच रीमर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत आत घाला आणि आठ-दहा वेळा आतबाहेर करा. नंतर ते भोकातच राहू द्या. त्यामुळे पट्टी सुईत ओवून होईपर्यंत उरलेली हवा टिकते आणि टायर जितका टणक, तितकी पट्टी घालणं सोपं.

पट्टी सुईच्या नेढ्यातून अर्धी अर्धी ओढून घ्यायची आणि तिच्यावर सोल्यूशन चोपडायचं. रीमर काढून सुई त्याच कोनात रेटायची. पट्टीची दोन्ही टोकं बाहेर बारा-पंधरा मिलिमीटर राहिली की थांबायचं. इथे घाईत टोकांसकट सगळी पट्टी आत गेली तर ती टायरमध्ये पडून राहते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सुई मात्र एका झटक्यात सरळ बाहेर खेचायची. हळू खेचली तर पट्टी तिच्याबरोबर परत येते. उरलेली टोकं न ताणता तीन-चार मिलिमीटर ठेवून कापायची. ताणून कापली तर ती आत आखडतात आणि वरचा आधार जातो.

हवा भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले नाहीत तरी दहा किलोमीटरवर एकदा आणि पन्नास किलोमीटरवर पुन्हा दाब मोजा. होंडाच्या मोटरसायकलींच्या पुस्तिकांमध्ये दुरुस्त केलेल्या टायरवर पहिले चोवीस तास ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि त्यानंतर कधीही १३० च्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. ही मर्यादा टायर उतरवून आतून केलेल्या नीट दुरुस्तीची आहे. रस्त्याच्या कडेला बाहेरून घातलेल्या पट्टीवर, तेही सामान लादलेल्या गाडीने, याहून सावकाशच जावं आणि पहिल्या बऱ्या दुकानात आतून पॅच मारून घ्यावा.

किटमधल्या पट्ट्यांचं पाकीट उघडलं की त्या वाळू लागतात. बोटाला चिकटत नसलेली पट्टी फेकून द्यायची. ट्रक-कारच्या किटमधली जाड सुई आणि जाड पट्टी मोटरसायकलच्या टायरला नको. भोक विनाकारण मोठं होतं. पाच पट्ट्या कमी आहेत, दहा ठेवाव्यात. एखादी घालताना तुटते, एखादी आत पडते आणि एकाच पंक्चरला तीन कधी संपतात ते कळत नाही.

सोल्यूशन

किटमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दगाबाज भाग. त्यातलं द्रावण उडून जातं. एकदा टोचलेली ट्यूब काही महिन्यांत आतून वाळते आणि कधी कधी न टोचलेलीही. बाहेरून दाबल्यावर मऊ लागणं पुरेसं नाही. सूज आल्यासारखी आणि हलकी वाटत असेल तर ती गेलेली समजा. किटसोबत आलेली ट्यूब किती जुनी आहे हे कळायचा मार्ग नसतो, म्हणून ती बाजूला ठेवून सायकलच्या दुकानातून छोट्या पाच-दहा मिलिलिटरच्या तीन नव्या ट्यूब घ्याव्यात. मोठी एकच घेतली तर पहिल्या वापरानंतर उरलेली वाया जाते. हे द्रावण पेटतं. उन्हात तापणाऱ्या डब्यात स्टोव्हच्या इंधनाशेजारी ठेवू नये.

मशरूम प्लग आणि पितळी टोकाचे प्लग

मशरूम प्लगची कल्पना सुंदर आहे. नळीतून ढकललेला रबरी प्लग आत गेल्यावर छत्रीसारखा उघडतो आणि हवेचाच दाब त्याला जागेवर बसवतो. सोल्यूशन लागत नाही. स्वच्छ, गोल भोकात तो झकास बसतो. अडचण पुन्हा पोलादी पट्ट्याची. प्लगचा देठ पट्टीसारखा पसरत नाही, ताणलेला राहतो आणि तारांच्या टोकांवर घासून कापला जाऊ शकतो. तो तुटला की डोकं आत पडतं आणि हवा एकदम जाते. मागे रेडियल टायर असलेल्या जड गाडीवर लांब पल्ल्याला निघणाऱ्याने फक्त यावर विसंबू नये. शिवाय या किटचं अवजार जड असतं, अ‍ॅलन कीने फिरवत प्लग ढकलावा लागतो आणि त्यातली एखादी वस्तू हरवली की बाकीचा डबा निरुपयोगी. पट्टीवाल्या किटचं तसं नाही. सुई वाकली तरी काहीतरी जुगाड होतो.

पितळी टोकाचा प्लग, ‘डायनाप्लग’ या नावाने ओळखला जाणारा, ही वेगळी चीज आहे. चिकट दोरीच्या टोकाला टोकदार पितळी अणी असते. रीमर नाही, सोल्यूशन नाही. खिळा काढायचा, अवजार त्याच कोनात खुपसायचं आणि बाहेर ओढायचं. अणी आत अडकून राहते. पंक्चर ते प्लग एवढ्या अवधीत हवा सगळ्यात कमी जाते आणि हवा भरणं हेच सगळ्यात अवघड काम असल्यामुळे एकट्या माणसाला हा फायदा मोठा आहे. लहान आणि मध्यम भोकांसाठी याला पूर्ण गुण.

उणं इतकंच की मोठ्या भोकात साधा प्लग पुरत नाही, जाड दोरीचे वेगळे घ्यावे लागतात, आणि प्लग संपले की वाटेत कुठेही मिळतील असं नाही. दुसरी गोष्ट सांगायची राहू नये: पितळी अणी टायरच्या आत राहते. पुढे कधी त्याच टायरमध्ये तात्पुरती ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी आत हात फिरवून (हातमोजा घालून) ती काढा, नाहीतर ट्यूबला आतूनच खिळा मिळतो.

दोन्ही परवडत असतील तर पितळी टोकाचे प्लग पहिल्या प्रयत्नासाठी आणि पट्टीवालं किट पाठीशी, ही जोडी सगळ्यात भरवशाची. एकच घ्यायचं असेल तर पट्टीवालं.

सीलंट

बाटलीतलं सीलंट शहरातल्या स्कूटरला ठीक. लांबच्या प्रवासात ते शेवटचा उपाय म्हणून ठेवावं. त्यातले तंतू लहान भोक बुजवतात खरे, पण भोक बुजलं नाही तर टायर आतून बरबटतो, पट्टीचं सोल्यूशन त्यावर नीट धरत नाही आणि पुढच्या पंक्चरवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. व्हॉल्व्हची पिन चिकटते. चाकात दाबाचा सेन्सर असेल तर तो बंद पडू शकतो. पिन काढून भरायचं असल्यामुळे टायरमध्ये होती नव्हती ती हवाही जाते. बाटलीवरची मुदत पाहिल्याशिवाय तर घेऊच नये.

हवा: इथेच बहुतेक किट नापास

‘सगळं एका डब्यात’ प्रकारच्या किटमध्ये सोळा ग्रॅमची तीन-चार सीओटूची नळकांडी असतात आणि डब्यावर ‘झटपट हवा’ असं लिहिलेलं असतं. हिशोब मांडून पाहू. सोळा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा सोडला तर साधारण नऊ लिटर जागा व्यापतो. १४०/८०-१७ मापाच्या मागच्या टायरमध्ये आतली जागा सतरा-अठरा लिटर असते. तो रिकामा टायर ३६ पीएसआयला, म्हणजे अडीच बारला आणायचा तर आणखी पंचेचाळीस लिटर वायू लागतो. म्हणजे पाच नळकांडी, तीही एकही फुसकी न जाता. तीन नळकांड्यांत वीस पीएसआयच्या आसपास पोहोचतो. सामानासकट गाडी मागच्या चाकात एवढ्याच दाबावर चालवली तर टायर तापतो आणि लावलेली पट्टी वळवळून सैल होते. पुढच्या ९०/९०-२१ टायरची जागा याच्या जवळजवळ निम्मी, तिथे दोन-तीन पुरतात. पण खिळे जास्त करून मागच्याच चाकात घुसतात: आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं आणि मागचं चाक तो घेतं.

आणखी एक. वायू सुटताना नळकांडं इतकं थंड होतं की उघड्या बोटांना चिकटतं. सोबत कापडी म्यान असतं, ते लावाच. सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे पंप मिळाला की टायर पुन्हा साध्या हवेने भरून घ्यावा. आणि पहिली पट्टी गळकी निघाली तर सगळी नळकांडी संपलेली असतात आणि तुम्ही होतात तिथेच असता. कॉम्प्रेसर बिघडला तर दुसरा आधार म्हणून दोन-तीन जवळ ठेवा, मुख्य सोय म्हणून नाही.

मुख्य सोय बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर. याची निवड करताना कमाल दाबाचा आकडा (१००, १५० पीएसआय) पाहू नका. मोटरसायकलला चाळीसच्या वर क्वचितच लागतं. पाहायचं ते दर मिनिटाला किती लिटर. मिनिटाला आठ-दहा लिटर देणारा कॉम्प्रेसर वरच्या टायरला लागणारी पंचेचाळीस लिटर हवा पाच मिनिटांच्या आसपास भरतो. असा कॉम्प्रेसर आठ ते दहा अँपिअर खेचतो. आणि गाडीच्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज बऱ्याच मोटरसायकलींवर पाच ते दहा अँपिअरचाच असतो! मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटमध्ये कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो, आणि कॅनबस (संगणकाने नियंत्रित) वायरिंगच्या काही गाड्यांत सॉकेट आपोआप बंद पडतं. उपाय सोपा आहे: बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट, पंधरा अँपिअरच्या फ्यूजसकट दोन पिनची वायर बाहेर काढून ठेवायची आणि कॉम्प्रेसरला तोच जोड बसवून घ्यायचा. सिगारेट लायटरचा प्लग मोटरसायकलवर तसाही नीट बसत नाही.

हवा भरताना इंजिन चालू ठेवावं, न्यूट्रलमध्ये, कारण साइड स्टँडवर गिअर असेल तर बऱ्याच गाड्यांचं इंजिन बंद पडतं. इंजिन बंद ठेवलं तरी पाच मिनिटांत बॅटरीतून एक अँपिअर-तासाहूनही कमी जातं. नवी बॅटरी ते सहज सोसते. जुनी बॅटरी मात्र त्यानंतर स्टार्टर फिरवेलच असं नाही आणि सामानासकट जड गाडी एकट्याने धक्का मारून सुरू करणं जवळजवळ अशक्य.

आता लिथियम बॅटरीवाले, मोबाइलच्या जाडजूड भावासारखे दिसणारे पंप. सोयीचे आहेत, वायरिंगची कटकट नाही. पण त्यांच्यावरचा मिलिअँपिअर-तासांचा आकडा फसवा असतो, कारण तो एकेका सेलचा मिळवून छापतात. पाहायचे ते वॉट-तास. शंभर वॉटचा पंप पाच-साडेपाच मिनिटं चालला तर नऊ वॉट-तास संपतात. पंधरा वॉट-तासांचा पंप म्हणजे एक मागचा टायर आणि थोडं उरलेलं. पट्टी गळली तर दुसरी फेरी अर्ध्यावर थांबते. वीसच्या वर असेल तरच एकट्याच्या प्रवासाला न्यावा, आणि रोज रात्री चार्ज पाहावा. कडाक्याच्या थंडीत यांचं बळ कमी होतं, तेव्हा जॅकेटच्या आत ठेवावा.

सायकलचा हातपंप अगदी टाकाऊ नाही. एका दाबात शंभर घनसेंटिमीटर हवा देणारा पंप घेतला तर पंचेचाळीस लिटरला साडेचारशे दाब, प्रत्यक्षात पाचशेच्या वर. दमछाक होते, पण त्याची बॅटरी संपत नाही. दुर्गम भागात जायचं असेल तर तीनशे ग्रॅमचं हे ओझं मान्य करावं.

कोणताही पंप घेतला तरी त्याचं तोंड तुमच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं का, ते घरीच पाहा. ज्या चाकाच्या एका बाजूला मोठी डिस्क आणि दुसऱ्या बाजूला स्प्रॉकेट आहे, तिथे सरळ व्हॉल्व्हला लिव्हरवालं तोंड लागतच नाही. नव्वद अंशांचा छोटा जोड सोबत ठेवावा, आणि काम झालं की तो काढावा. तसाच लावून वेगात गेलं तर फिरण्याच्या ओढीने रबरी व्हॉल्व्ह एका अंगाला वाकतो आणि बुंध्याशी चिरतो. पेचाने आवळायचं तोंड असेल तर ते सोडवताना दोन-तीन पीएसआय जाते. तेवढी जास्त भरावी. शिवाय पाच मिनिटांनंतर पितळी तोंड हात भाजण्याइतकं तापलेलं असतं. कॉम्प्रेसरवरच्या काटेरी गेजवर विश्वास ठेवू नये. वेगळं पेनासारखं किंवा डिजिटल गेज ठेवावं आणि नेहमी तेच वापरावं.

स्पोकची चाकं आणि ट्यूब

हवा ट्यूबमध्ये असते, म्हणून इथे वरच्या प्लगांचा काही उपयोग नाही आणि किट जवळपास नव्याने बांधावं लागतं: तीन टायर लिव्हर, आसाच्या नटाचा नेमक्या मापाचा पाना, पॅच, व्हॉल्व्हची पिन काढायचं अवजार आणि ट्यूब. लिव्हर दहा-अकरा इंचांचे हवेत. तयार किटमधले वीतभर लिव्हर मागच्या टायरच्या कडक बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या कडेला, पुरत नाहीत. पॅच मारायचा तर जागा खरवडून सोल्यूशन लावल्यावर ते ओलसर चकाकणं थांबेपर्यंत, तीन ते पाच मिनिटं, थांबायचं आणि मगच पॅच ठेवायचा. ओल्या सोल्यूशनवर ठेवलेला पॅच ट्यूब तापली की सरकतो. रस्त्यावर मात्र पॅचपेक्षा आख्खी ट्यूब बदलणं शहाणपणाचं, पॅच संध्याकाळी मुक्कामावर. दोन्ही मापांच्या ट्यूब नेणं जड होत असेल तर २१ इंची पुढची ट्यूब न्यावी. ती १८ इंची मागच्या चाकात घड्या पडू न देता तात्पुरती बसते. उलटं जमत नाही.

सगळ्यात अवघड काम बीड रिमवरून सुटी करण्याचं. दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडखाली टायर दाबून बीड फोडायची प्रसिद्ध युक्ती इथे उपयोगाची नाही. दुसरी गाडीच नाही. म्हणून लिव्हरमध्येच बीड फोडायची सोय असलेली जोडी घ्यावी, मोशन प्रोची ‘बीडप्रो’ त्याच प्रकारातली. टायर चढवताना ट्यूबमध्ये गोल राहण्यापुरती किंचित हवा भरावी, समोरची बीड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरावी आणि शेवटच्या वीतभर भागात लिव्हर खोल खुपसू नये. नव्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडलेली दिसली तर ती खिळ्याची नसतात, लिव्हरची असतात.

आणि मधला स्टँड नसेल तर चाक काढल्यावर गाडी कशावर टेकवायची हे निघण्याआधी ठरवावं. साइड स्टँड एका बाजूने आणि स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) लावायचा घडीचा टेकू दुसऱ्या बाजूने, असं दोन बिंदूंवर मागचं चाक उचललं जातं. भुसभुशीत जमिनीवर टेकूखाली लाकडाची फळी किंवा सपाट दगड हवाच.

किटमध्ये नसतं, पण हवं

नाकाची पक्कड (बोथट झालेला खिळा टूलकिटमधल्या पकडीने पकडला जात नाही), छोटी स्प्रे बाटली आणि साबणाचा तुकडा, खडू, रबरी हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी. व्हॉल्व्हच्या दोन जादा पिना आणि धातूच्या, आत रबरी वायसर असलेल्या टोप्या. हवा कमी झाली की आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावून पाहायचं. खिळा शोधत टायर तीनदा फिरवल्यावर दोष व्हॉल्व्हच्या पिनेत सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

बीड रिमवरून पूर्ण उतरलेला ट्यूबलेस टायर पुन्हा बसवणं छोट्या कॉम्प्रेसरला सहसा झेपत नाही. बीडला साबणाचं पाणी लावून, व्हॉल्व्हची पिन काढून आणि सामान बांधायचा रॅचेट पट्टा टायरच्या घेरावर आवळून प्रयत्न करता येतो. पट्ट्याने ट्रेड दाबला की बीड रिमच्या कडांकडे सरकतात आणि हवा धरू लागते. हवा धरली की पट्टा लगेच सैल करायचा. ही वेळ मुळात येते ती सपाट टायरवर ‘जरा पुढे जाऊन पाहू’ म्हणून गाडी चालवल्याने. मागून गाडी डोलायला लागली की ज्या चाकात हवा आहे त्याचाच ब्रेक हलका लावत तिथेच थांबावं. काहीशे मीटर सपाट चालवलेल्या टायरच्या आत साइडवॉलचा रबरी भुगा सापडतो. तसा टायर पट्टी लावून हवा धरेलही, पण वेगात भरवशाचा राहत नाही, तो बदलायचाच.

किट घेतल्यावर एखादा भंगारातला टायर मिळवून त्यात ड्रिलने पाच मिलिमीटरचं भोक पाडावं आणि एक पट्टी स्वतः घालून पाहावी. तो टायर शक्यतो पोलादी पट्ट्याचा रेडियल घ्या. साध्या टायरमध्ये कोणतीही मूठ चालते.